नामावलीपलीकडचा इतिहास : ठाणे-कल्याण परिसराच्या स्थानिक इतिहासलेखनाची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : स्थानिक इतिहास, गॅझेटिअर, शिलाहार, मलंगगड, वेठबिगार, संविधान.

प्रास्ताविक

ठाणे, कल्याण व डोंबिवली या नगरांविषयी मराठीत उपलब्ध असलेले ऐतिहासिक लेखन प्रामुख्याने तीन प्रकारचे आहे. नगरपालिका, वाचनालये व शिक्षणसंस्था यांच्या वर्धापनदिनानिमित्त निघालेल्या स्मरणिका हा पहिला प्रकार. पदवी परीक्षा व स्पर्धा परीक्षांसाठी तयार होणारी मार्गदर्शक पुस्तके हा दुसरा, आणि ताम्रपट, शिलालेख, दप्तरे यांच्या आधारे केलेले संशोधनपर लेखन हा तिसरा. संख्येने पहिले दोन प्रकार इतके मोठे आहेत, की तिसऱ्याचे अस्तित्व आपल्या विद्यार्थ्यांना बहुधा जाणवतच नाही. त्यांच्या हाती येते ती एक नामावली : अमुक राजा, तमुक संत, इंग्रजांनी ठाणे घेतल्याचे वर्ष, पहिली आगगाडी, आणि शेवटी २६ जानेवारी १९५०.

ही नामावली खोटी आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तिच्यातील बहुतेक सनावळ्या बरोबर आहेत. प्रश्न वेगळा आहे. ज्या साधनांतून ही नावे व वर्षे उचलली गेली, त्या साधनांत नावांखेरीज पुष्कळ काही होते. ते उचलताना कोणते गाळले गेले आणि का, याचा शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१८८२ चे गॅझेटिअर आणि त्याचा साचा

या परिसराच्या इतिहासलेखनाचा पाया सन १८८२ मध्ये घातला गेला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे तेरावे व चौदावे खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाले. तेराव्या खंडाचे दोन भाग असून चौदावा खंड केवळ स्थळवर्णनाला दिलेला आहे. आजही ठाणे जिल्ह्यावर लिहू इच्छिणाऱ्यास या खंडांना वळसा घालून जाता येत नाही. मिठागरे, मासेमारी, भाताची लागवड, जंगलतोड, कातकरी व वारली यांचे जीवन, बंदरांवरील आयात-निर्यात या विषयांची त्यातील माहिती थक्क करणारी आहे. प्राचीन काळाविषयीच्या प्रकरणामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या भारतीय विद्वानाचे श्रम आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. स्मरणिकांतून त्यांचे नाव क्वचितच भेटते.

परंतु याच गॅझेटिअरने इतिहासाच्या प्रकरणाला जो साचा दिला, तो आपण आजतागायत सोडलेला नाही. हिंदू कालखंड, मुसलमानी कालखंड, पोर्तुगीज, मराठे आणि ब्रिटिश अशी ती विभागणी आहे. पहिल्या दोन कालखंडांस धर्माचे नाव, पुढील दोहोंस लोकांचे व शेवटच्यास सत्तेचे नाव द्यावे, यातील विसंगती शासकीय संपादकाला जाणवली नसेल, हे समजू शकते. राज्य आपले आहे आणि ते न्याय्य क्रमाने आपल्यापर्यंत आले आहे, हे सांगण्यास ती विभागणी सोयीची होती. सन १९८२ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठाणे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर काढले. त्यात भर बरीच पडली, साचा मात्र तसाच राहिला. स्मरणिकांनी व मार्गदर्शकांनी तर तपशील टाकून केवळ साचाच उचलला.

आणखी एक मुद्दा असा की, १८८२ च्या ठाणे जिल्ह्यात पनवेल, कर्जत, उरण, वसई, माहीम, डहाणू आणि वांद्र्यापर्यंतची साष्टी हे सर्व होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर आजच्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला त्यातील लहानसा भाग उरला आहे. तेव्हा 'ठाणे जिल्ह्याचा प्राचीन इतिहास' या मथळ्याखाली सोपारा व चिंचणी यांचे उल्लेख करताना आपण नेमक्या कोणत्या ठाण्याविषयी बोलतो आहोत, हे स्पष्ट करण्याची जबाबदारी लेखकावर येते. ती पाळलेली फारशी दिसत नाही.

राजे : ताम्रपटात कोण कोण आहे?

उत्तर कोकणचे शिलाहार हा ठाणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो योग्यच आहे. कपर्दी, पुल्लशक्ती, झंझ, अपराजित, छित्तराज, मुम्मुणी, अनंतदेव, अपरादित्य, सोमेश्वर ही वंशावळ विद्यार्थी पाठ करतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख संपादित करून मराठीत व इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथांद्वारे उपलब्ध करून दिले, त्यास आता अर्धशतक होत आले. मिराशींची मांडणी वंशाच्या अंगानेच जाते, ही तिची मर्यादा म्हणता येईल. पण त्यांनी लेखांचे संपूर्ण पाठ दिले असल्यामुळे वाचकाला वेगळे वाचन करण्याची मोकळीक राहते. ती मोकळीक आपण वापरलेली नाही, याला दोष मिराशींचा नव्हे.

उदाहरणादाखल अनंतदेवाचा खारेपाटण येथे मिळालेला शके १०१६ (इ.स. १०९४) चा ताम्रपट पाहावा. मार्गदर्शक पुस्तकांत त्याचा उपयोग एवढाच, की अनंतदेव या वर्षी राज्य करीत होता. प्रत्यक्षात तो ताम्रपट एका जकातमाफीचा दस्तऐवज आहे. भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधू धणाम श्रेष्ठी यांच्या गलबतांना स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमुल्य या बंदरांत जकात आकारली जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. राजाला दोन श्रेष्ठींसाठी ताम्रपट कोरावा लागतो, यावरून राजसत्ता व व्यापारी यांच्यातील देवाणघेवाण कोणत्या पातळीवर पोचली होती, हे उघड होते. ज्या बंदरात जकात माफ झाली, त्या बंदरात ती इतर कोणीतरी भरत होते, हेही ओघानेच आले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राटाच्या वतीने संजाणच्या मंडलावर कारभार करणाऱ्या मधुमती नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असून तो ताजिक, म्हणजे अरब कुळातील होता. त्याने नदीवर मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र घातले, आणि त्याच्या अमलात देवीच्या मठिकेला दान दिले गेले. आता हा ताम्रपट गॅझेटिअरच्या कोणत्या कालखंडात बसवावा? हिंदू कालखंडात मुसलमान अधिकारी, आणि त्याच्या अमलात देवीची मठिका! साचा मोडल्याशिवाय या दस्तऐवजाला जागाच मिळत नाही. म्हणूनच, असे वाटते, तो नामावलीत येत नाही.

अंबरनाथच्या शिवालयाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे नाव आहे, वर्ष आहे, मंदिरही डोळ्यांपुढे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तेथील लेखातील वर्ष शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल यांनी ते ९८२, म्हणजे इ.स. १०६० असे दुरुस्त केले. तो लेख मुम्मुणी ऊर्फ मांवाणिराजाच्या काळचा आहे, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. एका अंकाच्या वाचनाने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. वर्गात शिकवताना केवळ '१०६०' हे उत्तर सांगण्याऐवजी या दोन विद्वानांच्या वाचनातील भेद सांगितला, तर विद्यार्थ्याला सनावळीचे मूल्य आणि तिचे नाजूकपण ही दोन्ही एकदमच कळतात. ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदताना १७८७ मध्ये मिळालेला अरिकेसरीचा शके ९३९ (इ.स. १०१७) चा ताम्रपट कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या शोधपत्रिकेच्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाला होता, हीही अशीच एक वर्गात सांगण्याजोगी बाब. इंग्रजांनी ठाणे जिंकून त्या वेळी जेमतेम तेरा वर्षे झाली होती. ताम्रपट सापडणे, तो वाचला जाणे आणि सत्ता बदलणे या घटना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या वेगवेगळ्या प्रकरणांत टाकल्या, की हा गुंता दिसेनासा होतो.

शिलाहारांच्याही मागे गेल्यास कल्याणचे चित्र अधिकच वेगळे आहे. पेरिप्लसमध्ये व पुढे सहाव्या शतकात कॉस्मसच्या वृत्तांतात कल्याण बंदराचा निर्देश येतो, तो सर्वजण देतात. परदेशी माणसाने नाव घेतले, की आपल्याला आनंद होतो! पण कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याणचे रहिवासी स्वतः बोलतात. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहारही आहे. कोणी पाण्याचे टाके खोदवून दिले, कोणी लेणे. त्यांचा राजा कोण, हे त्यांतील पुष्कळांनी सांगितलेलेही नाही. राजाचे नाव नसलेला लेख नामावलीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याचे मोल अधिक आहे.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा येथे टाळता येणार नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली व पुढे कल्याणच्या खाडीत गलबते बांधण्यास प्रारंभ केला, हा इतिहास आहे. सुनेचा प्रसंग समकालीन साधनांत मिळत नाही, तो उत्तरकालीन परंपरेतून आलेला आहे. तरीही चित्रांतून, व्याख्यानांतून व स्मरणिकांतून जागा त्याच प्रसंगाला मिळते, जहाजबांधणीला एखादे वाक्य. महाराजांच्या स्त्रीविषयक धोरणाला पुरावे हवेत, तर ते त्यांच्या आज्ञापत्रांत व शत्रुपक्षाच्या लेखनातही आहेत. त्यासाठी या कथेवर विसंबण्याची गरज नाही. आरमाराच्या प्रारंभाचे ठिकाण म्हणून कल्याणचे जे खरे श्रेय आहे, ते या कथेच्या झगमगाटात झाकले जाते, हे कल्याणकरांनी तरी लक्षात घ्यावे.

वसाहतकाळ

पोर्तुगीजांकडून ठाणे १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतले व १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांच्या हाती गेले. सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडेच राहिली. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे आगगाडी सर्वांना पाठ आहे. परंतु रेल्वेच्या इतिहासात ठाण्यापेक्षा कल्याणचे स्थान निर्णायक आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोचली. तेथून एक फाटा भोर घाटाकडे व दुसरा थळ घाटाकडे वळला. देशावरचा कापूस, मुंबईच्या गिरण्या आणि पुढे डोंबिवलीसारख्या गावांचे उपनगरांत झालेले रूपांतर यांचे मूळ या फाट्यात आहे. पहिली गाडी हा सोहळा होता, आणि नामावलीला सोहळा आवडतो.

ठाण्याच्या तुरुंगाबाबतही असेच म्हणता येईल. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तेथे फाशी झाली, याचे स्मरण ठेवले जाते. राघोजी भांगरे या महादेव कोळी बंडखोर नेत्याला त्याच तुरुंगात १८४८ मध्ये फाशी दिली गेली होती. शहरी स्मरणिकांत त्यांच्या वाट्याला आलेली जागा या दोन्हींच्या तुलनेने फारच अपुरी आहे.

संत : मलंगगडाचा प्रश्न

संतांच्या बाबतीत या परिसराला एक लाभ झालेला आहे. मराठी संतवाङ्मयाचा पहिला मोठा साक्षेपी इतिहास, 'महाराष्ट्र सारस्वत', वि. ल. भावे यांनी ठाण्यात राहून लिहिला. १८९३ मध्ये ठाण्यात स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांतही ते होते. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे जी परंपरा प्रतिष्ठित यादीत नव्हती, ती यादीत आणण्याचे काम या ग्रंथकाराने केले. तो वारसा असलेल्या नगरात संतांचा इतिहास पुन्हा चार-पाच सुप्रसिद्ध नावांपुरता उरावा, ही खेदाची बाब होय. १३२१ मध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती धर्मोपदेशक मारले गेले, ओडोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला, ही घटना युरोपच्या धर्मेतिहासात नोंदलेली असून ठाण्याच्या स्मरणिकांत अपवादानेच आढळते. (जाता जाता : फादर स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र असलेली साष्टी गोव्यातील आहे, ठाण्याची नव्हे. उत्तरपत्रिकांत ही गल्लत वारंवार भेटते.)

खरी कसोटी लागते ती मलंगगडावर. कल्याणच्या दक्षिणेस असलेल्या या गडावरील स्थान एका परंपरेनुसार हाजी अब्दुल रहमान ऊर्फ हाजी मलंग या अरब सत्पुरुषाचे, तर दुसऱ्या परंपरेनुसार नाथपंथातील मच्छिंद्रनाथांचे आहे. १९८० च्या दशकापासून हा प्रश्न सार्वजनिक आंदोलनाचा विषय झाला. तेव्हापासून त्यावर लिहिलेली बहुतेक पाने दोनपैकी एका नावाच्या समर्थनार्थ आहेत. इतिहासाच्या प्राध्यापकाने यांपैकी कोणत्या बाजूला पाऊल टाकावे, असे विद्यार्थी विचारतात. उत्तर देण्यापूर्वी साधने उघडावीत, हे अधिक बरे.

१८८२ च्या गॅझेटिअरने या स्थानाची जी हकिकत दिली आहे, तीत नल राजाची दंतकथा आहे, १७८० च्या सुमारास इंग्रज फौजेला माघार घ्यावी लागली त्याचे श्रेय सत्पुरुषाला देऊन पेशव्यांकडून चादर अर्पण झाल्याची आठवण आहे, आणि कल्याणच्या काशिनाथपंत केतकर या ब्राह्मण गृहस्थांकडे स्थानाची व्यवस्था आल्याची परंपरा आहे. १८१७ मध्ये या व्यवस्थेवरून वाद झाला, तेव्हा चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि तीनही वेळा कौल पंतांच्या प्रतिनिधीला मिळाला, असे त्यात सांगितले आहे. यातील दंतकथा किती व घडलेले किती, हे वेगळे करणे अवघड आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात लोक या स्थानाविषयी काय सांगत होते, याचा हा पुरावा आहे आणि तेवढ्यापुरता तो भक्कम आहे. ब्राह्मण वहिवाटदार आणि मुसलमान सत्पुरुष ही जोडी त्या काळच्या सांगणाऱ्यांना विसंगत वाटत नव्हती.

याच स्थानाच्या व्यवस्थेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ च्या निर्णयात न्यायालयाने असे निरीक्षण नोंदवले, की हे स्थान संमिश्र स्वरूपाचे असून त्याला निव्वळ हिंदू अथवा मुसलमान कायदा लागू करता येत नाही. त्याच्या स्वतःच्या विशिष्ट रूढीने किंवा न्यासविषयक सर्वसाधारण कायद्यानेच त्याचे नियमन होऊ शकते. संविधान अमलात येऊन त्या वेळी चार वर्षेच झाली होती. नव्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर कल्याणजवळचा एक डोंगर उभा राहतो, आणि न्यायपीठाला प्रचलित दोन्ही खाने अपुरे वाटतात! संवैधानिक इतिहासाचा याहून जवळचा पाठ आपल्या विद्यार्थ्यांना कोठे मिळेल? तरी संतांच्या प्रकरणात तो येत नाही, कारण तो कायद्याचा भाग. कायद्याच्या प्रकरणातही येत नाही, कारण तेथे केवळ १९०९, १९१९, १९३५ व १९५० ही वर्षे असतात. गडाविषयी तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तरुणांपैकी किती जणांनी हा निर्णय वाचला असेल, याची शंका वाटते. आपण अध्यापकांनी तरी तो वाचला आहे काय?

संविधान : कलम २३ आणि तलासरी

अध्यापनात संविधानाचा इतिहास दिल्लीत घडतो. कायदे, आयोग, संविधान सभा, मसुदा समिती असा त्याचा क्रम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कर्तृत्व सांगताना तो क्रम अपरिहार्यही आहे. पण संविधानाच्या एकेका कलमामागे ज्या मानवी स्थिती उभ्या होत्या, त्यांतील एक स्थिती तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच होती. कलम २३ नुसार माणसांचा अपव्यापार, वेठबिगार व सक्तीची मजुरी यांना मनाई आहे. तलासरी व उंबरगाव भागातील वारली आदिवासी जमीनदार-सावकारांची वेठ करीत होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी लग्नगडी होऊन राबत होते. किसान सभेच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये त्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा शब्दबद्ध केला, त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या लढ्यामुळे कलम २३ संविधानात आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वेठीचा प्रश्न देशव्यापी होता. मुद्दा इतकाच, की मनाईची भाषा काय मनाई करते आहे, हे त्या उठावातून जितके स्पष्ट दिसते तितके कलमाच्या शब्दांतून दिसत नाही. परुळेकरांचे पुस्तक आपण आत्मकथन वा अनुभवलेखन म्हणून मराठी विभागाच्या स्वाधीन केले आणि इतिहास विभागाने कलमाचा क्रमांक स्वतःकडे ठेवला. ही वाटणी कोणाच्या सोयीची होती, हे तपासण्याजोगे आहे. अर्थात त्या पुस्तकाचीही चिकित्सा व्हायला हवी. ते एका कार्यकर्तीचे लेखन आहे. त्यात संघटनेची दृष्टी प्रधान आहे आणि वारल्यांचे बोलणे लेखिकेच्या निवेदनातून गाळून येते. १८८२ च्या गॅझेटिअरमधील वारल्यांचे वर्णन, परुळेकरांचे निवेदन आणि कलम २३ हे तीन मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर तिन्हींच्या मर्यादा आपोआप पुढे येतात.

कल्याण-डोंबिवलीत बसून हे सारे दूरचे वाटत असेल, तर जवळचेही उदाहरण आहे. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा तिच्या हद्दीत आलेली २७ गावे २००२ मध्ये वगळण्यात आली आणि २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. मधल्या तेरा वर्षांत तेथे ग्रामपंचायती चालल्या. ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती आपण एकाच व्याख्यानात उरकतो. या गावांतील एका पिढीने मात्र दोन्ही दुरुस्त्यांखालील कारभार आळीपाळीने अनुभवला आहे. ग्रामसभांची इतिवृत्ते, करवसुलीच्या वह्या आणि त्या काळी पंच-सरपंच राहिलेल्या स्त्री-पुरुषांच्या आठवणी हे साधन अजून हाती येण्याजोगे आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी बहुधा शिलाहारांची वंशावळ निवडतात, कारण ती तयार मिळते. या वह्या पाहायला त्यांना डोंबिवलीहून फार तर रिक्षाने जावे लागेल.